सातेरीला वगळून कसला मधोद्योग?

मधमाशीपालनाच्या बैठकांत, प्रशिक्षणवर्गांत आणि योजनांच्या चर्चेत सिंधुदुर्गाविषयी एक मत ठामपणे मांडले जाते. देशाला मधाचा उद्योग उभा करायचा आहे. उद्योग म्हटला की मध टनात हवा, आणि टनात मध देणारी माशी म्हणजे युरोपियन मेलिफेरा. कोकणात पाऊस फार, बागा लहान, आणि इथली सातेरी माशी वर्षाला चार-पाच किलोंच्या पुढे जायला तयार नाही. शिवाय मनात आले की ती पेटी सोडून निघून जाते. तेव्हा संशोधनाचा पैसा मोहरी-लिचीच्या पट्ट्यात जावा, आणि सिंधुदुर्गात अनुदानावर पेट्या वाटल्या की झाले.

हे मत मांडणारी माणसे अभ्यासू आहेत, काहींनी या कामात आयुष्य घातले आहे. म्हणून त्याला नुसता विरोध करून भागणार नाही, उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे थोडक्यात असे की हा हिशेब चुकीच्या टोकाकडून मांडलेला आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात मधमाशीची मोठी कमाई बाटलीत भरता येत नाही. ती आंबा-काजूच्या फळधारणेत असते. जी माशी हे काम बाराही महिने, इथल्या हवेत, फुकट करते तिला काय मारते आहे आणि तिला काय तगवेल, हा संशोधनाचा पहिला प्रश्न असायला हवा. आज तो यादीत शेवटी आहे.

आधी समोरच्या बाजूचे खरे ते मान्य करतो. देशात वर्षाला सव्वा लाख टनांहून अधिक मध निघतो, त्यातला मोठा भाग परदेशी जातो, आणि हा मध मुख्यतः मेलिफेराचा आहे. १९६२ साली नगरोटा बगवान इथे ही माशी आपल्याकडे स्थिरावली. पुढे लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने ती पंजाबच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचवली. मोहरी, बरसीम, निलगिरी यांचा सलग फुलोरा जिथे मैलोन्‌मैल पसरतो तिथे एका पेटीतून पंचवीस-तीस किलो मध निघतो आणि त्यावर हजारो घरे चालतात. सातेरीची पेटी उत्तम हंगामात आठ-दहा किलोंपर्यंत जाते, किनाऱ्यावर बहुधा त्याहून कमी. आकड्यांबद्दल माझे भांडण नाही. मोहरीच्या शेतातला आकडा कातळावरच्या कलमबागेला लावला जातो, त्याबद्दल आहे.

पावसाचा मुद्दा तर पहिल्याच फटक्यात पडतो. महाराष्ट्रात मधपाळांचे सर्वांत जुने आणि नावाजलेले ठिकाण कोणते? महाबळेश्वर. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तिथेच आहे. तिथे मालवणापेक्षा कितीतरी अधिक, जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो. मे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालेले मांघर त्याच तालुक्यातले. त्यानंतरचे पाटगाव भुदरगड तालुक्यातले, म्हणजे रांगण्याच्या पलीकडे, आमच्या कुडाळ तालुक्याच्या पाठीला लागून. दोन्ही गावांची ओळख सातेरीच्या मधावर उभी आहे. राज्य ज्या गावांकडे अभिमानाने बोट दाखवते ती गावे मुसळधार पावसातली आणि देशी माशीची आहेत. केरळही पाहा. तिथे रबराच्या नव्या पालवीच्या देठावरच्या ग्रंथींतून पाझरणारा रस देशी माशी गोळा करते आणि त्यावर मोठा मधव्यवसाय चालतो. आमच्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात रबराच्या बागा आहेत. त्या बागांमध्ये सातेरीची पेटी कधी ठेवावी, पालवीचा रस किती दिवस मिळतो, मग पेटी कुठे हलवावी, याचा इथला अभ्यास कोणी हाती घ्यायचा? ‘कोकणात मध होत नाही’ असे एकदा ठरवले की हा प्रश्नच उरत नाही.

आता माशीच्या निवडीकडे येतो. किनाऱ्यावरून आत चालत गेले तर देवबाग, तारकर्ली, आचऱ्याला माड लागतात. खाडीच्या कडेने कांदळवन. कातळावर आणि उतारावर हापूसची कलमे नि काजू, व्हाळाच्या काठाने पोफळी, कोकम, जांभूळ, करंज, आणि घाटाच्या पायथ्याशी ऐन, किंजळ, हिरडा. प्रत्येकाचा फुलोरा थोडा, तुटक, एकामागून एक येणारा. मेलिफेराच्या मोठ्या वसाहतीला एका वेळी भरपूर लागते. तिला इथे पावसाळाभर साखरपाकावर ठेवावे लागेल किंवा ट्रकमध्ये घालून दुसऱ्या राज्यात न्यावे लागेल. सातेरीची वसाहत लहान, फिरणे साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत. ढोलीत, वारुळात, जांभ्याच्या गडग्यातल्या पोकळीत ती समांतर पोळी बांधून राहते आणि थोड्या-थोड्या फुलोऱ्यावर गुजराण करते. ‘उत्पादन कमी’ या शेऱ्यात तिचा हा काटकसरीपणा दडून जातो, आणि कोकणात माशी टिकते ती त्याच्याच बळावर.

वरोआ या परजीवी कोळ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. हा कोळी मुळात आशियाई मधमाशीवरचा. दीर्घ सहवासात सातेरीने त्याच्याशी निभावून घेतले. कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरचे कोळी वेचतात आणि कोळ्याची वाढ मुख्यतः नरांच्या घरांपुरती राहते, त्यामुळे वसाहत सहसा ढासळत नाही. मेलिफेराला हे जमत नाही, म्हणून तिच्या पेटीत औषधाच्या पट्ट्या टांगाव्या लागतात. आग्या माशीवरून आलेला ट्रोपिलेलॅप्स हा दुसरा कोळीही तिला छळतो. म्हणजे जास्त मध देणारी माशी आणताना तिची साखर, तिची औषधे आणि तिची वाहतूक आपण विकत घेतो. हे खर्च वजा न करता काढलेला प्रतिपेटी आकडा आमच्यापुढे ठेवू नये.

आता सातेरीवरच्या सर्वांत मोठ्या आरोपाकडे येतो: ती पळते. हो, पळते. पण फवारणी झालेल्या कलमबागेच्या कडेची पेटी दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी नीट पाहिली आहे का? दारापुढच्या फळीवर माश्या उडायच्या ऐवजी सरपटत असतात. काही जागच्या जागी गरगरतात, पंख फडफडतात, पण अंग उचलत नाही. खाली गवतात पडलेल्या माश्यांची जीभ लांब बाहेर आलेली दिसते. विषबाधेची ही ओळखीची खूण आहे. झाकण काढून चौकट उचलली तर अळ्या जिवंत असतात, पण त्यांना भरवायला आणि ऊब द्यायला माश्या पुरेशा नसतात. मग अळ्या मरतात, पोळ्याला वास सुटतो, मेणकिडा जाळी विणतो. उरल्यासुरल्या माश्या एक दिवस खरोखरच निघून जातात. मालक शेजाऱ्याला सांगतो, ‘माशी पळाली.’ आणि सातेरीच्या बदनामीत एका पेटीची भर पडते.

पळण्याची इतरही कारणे आहेत: अन्न संपणे, मुंग्या, थेट ऊन, पेटी सारखी उघडणे. कोणत्या कारणाने किती वसाहती गेल्या, हे इथल्या बागांतून, महिनावार मोजले गेले पाहिजे. ज्याला माशीचा स्वभावदोष म्हणतात त्यातला किती भाग स्वभावाचा आणि किती विषाचा, हे कळल्याशिवाय माशी बदलण्याचा निर्णय घेणे अशास्त्रीय आहे.

यात बागायतदाराला खलनायक ठरवणे मला मान्य नाही. तुडतुड्याने मोहोर काळा केला, फुलकिड्याने कैरी खरवडली की वर्षाचे उत्पन्न गेले. कित्येक बागा कराराने दिलेल्या असतात. ज्याच्या हातात एकाच हंगामापुरती बाग आहे त्याने पुढच्या वर्षीच्या माश्यांची काळजी करावी, ही अपेक्षा चालणार नाही. तो छापील वेळापत्रकाकडे पाहतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे हापूसच्या मोहोर-संरक्षणाचे वेळापत्रक बागायतदारांना तोंडपाठ असते. बोंगे फुटताना लॅम्बडा सायहॅलोथ्रीन आणि भुरीसाठी त्यात हेक्झाकोनॅझोल किंवा पाण्यात विरघळणारे गंधक. पुढच्या फवारण्यांत इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम. किडीच्या दृष्टीने हे वेळापत्रक कष्टाने बसवलेले आहे आणि त्याने बागा वाचवल्या आहेत.

पण मधमाशीच्या बाजूने ते वाचून पाहा. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधे आहेत, म्हणजे ती झाडाच्या रसात शिरतात आणि पराग-मकरंदात उतरू शकतात. यांच्यासह या गटातल्या तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर युरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली, ती मधमाश्यांमुळेच. आपण डोळे झाकून तशी बंदी घालावी असे मी म्हणत नाही. त्यांची शेते वेगळी, किडी वेगळ्या, आणि त्यांची माशीही वेगळी. मला वेळापत्रकातल्या एका ‘किंवा’बद्दल विचारायचे आहे. हेक्झाकोनॅझोल ज्या गटातले आहे त्या गटातली बुरशीनाशके मधमाशीच्या शरीराची विष पचवण्याची ताकद कमी करतात आणि त्यामुळे सायहॅलोथ्रीनसारख्या औषधाचा मारा कित्येक पटींनी वाढू शकतो, असे परदेशात मेलिफेरावर झालेल्या प्रयोगांत दिसले आहे. मग टाकीत हेक्झाकोनॅझोल घालणे आणि गंधक घालणे यांत सातेरीच्या दृष्टीने फरक किती? भुरी दोन्हींनी आटोक्यात येत असेल तर बागायतदाराने कोणते उचलावे? हा प्रश्न सोडवायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. दोन-तीन बागा, काही पेट्या, मेलेल्या माश्या गोळा करायचे सापळे आणि दोन हंगाम लागतात. आणि उत्तर मिळाले तर ते पुढच्याच पावसाळ्यानंतर छापील तक्त्यात एका ओळीने जाऊ शकते. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या संशोधनाच्या यादीत मला ही एक ओळ सर्वांत वर हवी आहे.

काजूचेही असेच आहे. काजूच्या तुऱ्यात नर आणि उभयलिंगी फुले एकत्र असतात, पराग चिकट असतो, वाऱ्याने फारसा जात नाही. म्हणजे कीटक हवा. नेमक्या पालवी-मोहोराच्या वेळी ढेकण्या येतो आणि फवारणी होते. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने १९५७ पासून काजूवर जे काम केले त्यामुळे ‘वेंगुर्ला’ हे नाव काजूच्या जातींना चिकटून देशभर गेले. तीच संस्था काजूच्या फुलांत पराग पोचवणाऱ्या कीटकांची गणना करू शकते, फवारणीची घटिका ठरवू शकते. हापूसच्या बागेत मधून दुसऱ्या जातीची झाडे लावण्याचा सल्ला दिला जातो, परपराग मिळाला तर फळधारणा सुधारते म्हणून. सल्ला योग्य आहे. पण केसरचे झाड लावले तरी त्याचा पराग हापूसपर्यंत नेणारा कीटक त्याच आठवड्यात फवारणीखाली सापडत असेल, तर ते झाड काय उपयोगाचे?

इथे माझ्याच बाजूच्या लोकांशीही मला भांडायचे आहे. मधमाशीप्रेमाच्या भरात अशी विधाने केली जातात की त्यांनी आपलीच बाजू लंगडी होते. मधमाशी संपली की चार वर्षांत माणूस संपेल, हे आइनस्टाइनच्या तोंडी घातलेले वाक्य त्याने म्हटल्याचा पुरावा नाही. ते भाषणातून काढून टाकावे. पेटी ठेवली की आंबा अमुक टक्क्यांनी वाढतो, हेही बागायतदाराला सांगू नये. आंब्याच्या मोहोरावर मधमाशीपेक्षा इतर माश्यांची, घिरट्या घालणाऱ्या सिरफिड माश्यांची गर्दी बऱ्याचदा जास्त असते. कोकमाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. त्यांच्यात पराग नेण्याचे काम मुख्यतः कोणता कीटक करतो, तेही आधी पाहायला हवे. मात्र यातून सातेरीचे महत्त्व कमी होत नाही. सातेरी ज्या विषाने मरते त्याच विषाने या बाकीच्या माश्याही मरतात, आणि त्यांची मोजदाद ठेवणारा मालक कोणी नाही. सातेरीची पेटी ही बागेच्या आरोग्याची रोज वाचता येईल अशी नोंद आहे, म्हणूनही ती हवी.

दुसरा मोठा प्रश्न रोगाचा. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड हा विषाणू दक्षिण भारतात पसरला आणि केरळात देशी माशीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक वसाहती संपल्या. या रोगाने मेलेली अळी एकदा पाहिली की विसरता येत नाही. ती घरात आडवी पसरून डोके वर उचललेली असते, आणि चिमट्याने ओढली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. त्यावर औषध नाही. तगल्या त्या वसाहती स्वतःच्या ताकदीवर, आणि पुन्हा माशी वाढली ती त्यांच्यापासून. या घटनेचा धडा अनेकांनी असा घेतला की देशी माशी भरवशाची नाही, परदेशी आणा. मला तो धडा उलटा दिसतो. ज्या वसाहती तगल्या त्यांच्या राण्यांपासून पुढची पिढी काढणे, रोग न धरणाऱ्या आणि कमी पळणाऱ्या वसाहती निवडत जाणे, हे काम गावोगावच्या मधपाळांना बरोबर घेऊन करायचे आहे. गाईच्या, भाताच्या, काजूच्या बाबतीत निवड ही साधी, मान्य गोष्ट आहे. सातेरीच्या बाबतीत मात्र आपण जंगलातून मिळेल ती वसाहत पकडतो, पेटीत घालतो, आणि ती टिकली नाही की जातीला दोष देतो.

आणि जात तरी कोणती? २०२२ साली केरळच्या संशोधकांनी पश्चिम घाटातली काळसर देशी माशी ही वेगळी प्रजाती असल्याचे मांडले. तिला त्यांनी ‘एपिस करिंजोडियन’ हे नाव दिले आणि तिचा वावर गोव्यापर्यंत दाखवला. दोनशेहून अधिक वर्षांनी भारतातून मधमाशीची नवी प्रजाती वर्णिली गेली. तिच्या वेगळेपणावर तज्ज्ञांत वाद होईल, तो व्हावा. पण गोव्याची हद्द बांद्याला संपते, माशीला ती दिसत नाही. आमच्या पेट्यांत पिवळसर माशी किती, काळसर किती, किनाऱ्यावरची आणि आंबोलीच्या उंचीवरची एकच की निराळी, यांतली कोणती जास्त मध देते, कोणती पावसाळा निभावते? ज्या प्राण्यावर उद्योग उभा करायचा आहे त्याची ओळख पटवण्याआधी त्याला नाकारू नये. ओळख पटेपर्यंत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पेट्या घाऊक हलवणेही थांबवावे, कारण त्यांच्याबरोबर रोग जातो आणि इथल्या हवेला मुरलेले रक्त पातळ होते.

पेट्यावाटपाच्या आग्रहाचे उत्तर यातच आहे. पेटी हे लाकूड आहे, ते सुतार करतो. माशी कुठून येते? राणीपैदाशीची सोय नसेल तर प्रत्येक वाटपामागे ढोली आणि गडगे रिकामे होतात. म्हणजे जी माशी आधीच फुकटात परागीकरण करत होती तिला उचलून आपण पेटीत घातले आणि तिला लाभार्थ्याच्या यादीत मोजले. जूनमध्ये ती पेटी उघड्यावर राहिली, साखरपाक कोणी दिला नाही, मुंग्या चढल्या, तर सप्टेंबरात काही उरत नाही. पावसाळ्यात मकरंद धुऊन जातो, पण माड तर बाराही महिने फुलत असतो. माडाच्या परागावर सातेरी पावसाळा कितपत काढते, तिला वरून किती पाक लागतो, माडाच्या पट्ट्यातल्या आणि कातळावरच्या पेट्यांत फरक किती पडतो? चार पावसाळी महिन्यांचा असा अभ्यास झाला तर सुपीक हंगामात नव्या पेट्या वाटण्यापेक्षा आहेत त्या वाचवणे स्वस्त पडेल, असा माझा अंदाज आहे. तो चुकला तर चुकू दे, पण तपासून चुकू दे.

मधाच्या कायद्याबद्दलही बोलायला हवे, कारण ‘सातेरीचा मध मानकात बसत नाही’ हे वाक्य आता वारंवार ऐकू येते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार मधात पाण्याचा अंश वीस टक्क्यांहून अधिक चालत नाही. किनाऱ्याच्या दमट हवेत सातेरीच्या मधात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग लहान मधपाळ मध तापवतो, तापवला की त्यातले एचएमएफ हे साखर तापून बनणारे द्रव्य वाढते, आणि त्याचीही मर्यादा आहे. एकीकडून सुटला तर दुसरीकडे अडकतो. यावर मंद आचेने, कमी तापमानात पाणी उतरवायचे गावपातळीचे साधन काढणे हे एक काम. पोळ्यातली घरे मेणाने बंद झाल्यावरच मध काढण्याची शिस्त हे दुसरे. पण तिसरे काम मानकाच्या बाजूचे आहे. त्याच मानकांत साखरेच्या प्रमाणाबाबत एका मधाला वेगळी मर्यादा दिलेली आहे: ‘कार्व्हिया कॅलोसा’, म्हणजे आपली कारवी! सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणाऱ्या झुडपाच्या मधाचे पृथक्करण झाले, तो वेगळा आहे हे आकड्यांनी दाखवता आले, म्हणून देशाच्या कायद्याने त्याला जागा दिली. सातेरीच्या किनारी मधासाठी, काजूच्या, रबराच्या, कांदळवनाच्या मधासाठी हेच का होऊ नये? पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. मधाच्या तपासणीचा अनुभव तिथे आहे. इथले नमुने हंगामवार जमवून त्यांचे पृथक्करण करणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही.

हे तातडीचेही आहे. २०२० साली विज्ञान व पर्यावरण केंद्राने नामांकित ब्रँडांच्या मधात साखरेच्या पाकाची भेसळ उघड केली, तेव्हापासून एनएमआर चाचणीचा बोलबाला वाढला. अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी ती त्याच वर्षी सक्तीची झाली. ही चाचणी नमुना ताडून पाहते तो आधी जमवलेल्या अस्सल मधांच्या साठ्याशी. त्या साठ्यात सिंधुदुर्गातल्या सातेरीचा मध नसेल तर आमचा अस्सल मध परका ठरण्याचा धोका आहे. भेसळ पकडणाऱ्या यंत्रावर खर्च होणार असेल तर अस्सल कशाला म्हणायचे ते त्या यंत्राला शिकवण्यावरही व्हावा.

‘पण जग काय करते आहे ते पाहा,’ असे मला सांगितले जाते. पाहू या. ऑस्ट्रेलियात मधपाळांकडून मधाच्या विक्रीवर उपकर घेतात आणि त्यातून मधमाशी व परागीकरणाच्या संशोधनाला पैसा जातो. तिथे २००७ साली केर्न्स बंदराजवळ आशियाई माशी सापडली, म्हणजे सातेरीची सख्खी बहीण. तिला संपवण्यासाठी त्यांनी काही वर्षे मोहीम चालवली. ती त्यांच्यासाठी घुसखोर होती आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदरात वरोआ सापडला. तो निपटण्याचा प्रयत्न २०२३ मध्ये सोडावा लागला आणि आता त्यांचा सगळा रोख वरोआसोबत जगण्यावर आहे. त्यांचे अग्रक्रम त्यांच्या माशीवरून ठरले. तो कित्ता गिरवायचा तर आपणही आपल्या माशीपासून सुरुवात करायला हवी, नाहीतर त्यांची यादी इथे उतरवून आपण आपल्याच माशीला आगंतुक ठरवू.

राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान २०२० साली पाचशे कोटींच्या तरतुदीने जाहीर झाले. त्याच्या तीन उपअभियानांपैकी पहिले परागीकरणातून पीक वाढवण्याचे आणि तिसरे वेगवेगळ्या हवामान-विभागांसाठी संशोधनाचे आहे. कागद आमच्या बाजूचा आहे. अडते ते टेबलावर. मधमाशी खादी-ग्रामोद्योगाच्या खात्यात, फवारणीचे वेळापत्रक कृषी विद्यापीठाकडे, कांदळवन वनविभागाकडे. पेटीचे अनुदान देणाऱ्याला टाकीत काय कालवले जाते ते पाहण्याचा अधिकार नाही, आणि वेळापत्रक ठरवणाऱ्याच्या कामात पेटी जगवणे येत नाही. पेटी मेली तर तिचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही. परागीकरणाचा फायदा फळबागेला मिळतो, तर या संशोधनाचा खर्चही फलोत्पादनाच्या तरतुदीतून व्हावा. ग्रामोद्योगाच्या तुटपुंज्या वाट्यावर तो ढकलू नये.

वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आणि देवगड तालुक्यातले गिर्ये-रामेश्वरचे आंबा उपकेंद्र इथे मधमाशीच्या अभ्यासाचे कायम पद निर्माण करावे. पुण्याच्या संस्थेने त्यांच्याबरोबर येत्या मोहोरापासून फवारणीच्या मिश्रणांची सातेरीवर चाचणी सुरू करावी. ज्या बागायतदारांनी बागेत पेट्या ठेवल्या आहेत त्यांना नोंदी ठेवण्याचे मानधन द्यावे. आणि ती चाचणी पुरी होईपर्यंत, फुले उघडलेली असताना सकाळच्या वेळी फवारणी करू नये, ही सूचना वेळापत्रकाच्या तळटीपेतून उचलून तक्त्याच्या डोक्यावर, औषधाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावी. त्यासाठी कोणत्याही नव्या अभियानाची वाट पाहावी लागत नाही. पावसाळा संपायच्या आत मजकूर छापखान्यात गेला तर याच हंगामात तो बागायतदाराच्या हातात पडेल.